मारियेच्या माहेरची पोथी

बोरिवलीच्या आयसी कॉलनीत किंवा मरोळच्या गावठाणात नाताळचा गोठा पाहायला जाल, तेव्हा या बाईंची ओळख असलेली बरी. नाव ‘याकोबाचं आद्य शुभवर्तमान’. दुसऱ्या शतकातली ग्रीक पोथी. नव्या करारातल्या २७ पुस्तकांत तिला जागा मिळाली नाही. तरी ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, ज्याच्यासाठी वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते, त्या जन्माची हकिकत सर्वांत आधी सांगितली ती हिनंच.

लोक वय चोरतात, ही वाढवून सांगते. हेरोद राजा मेला त्या धामधुमीत याकोबानं मला लिहिलं, म्हणते. अभ्यासकांच्या हिशेबानं ती त्याहून दीडएकशे वर्षांनी धाकटी.

माहेरच्या गोष्टी तिच्याकडूनच ऐकाव्यात. मारियेच्या आईबापांबद्दल मत्तय आणि लूक चकार शब्द काढत नाहीत. हिला सगळं ठाऊक: बाप योआकिम, पैसेवाला पण निपुत्रिक, म्हणून मंदिरात त्याचं दान अडवलं गेलं. आई अ‍ॅना बागेत झाडाखाली बसली, वर चिमण्यांचं घरटं दिसलं आणि तिला रडू आवरेना. पुढे तीन वर्षांची मारिया मंदिरात आली आणि वेदीच्या तिसऱ्या पायरीवर नाचली. यहुदी मंदिरात मुली वाढवायची रीत होती का, असल्या चौकशा मात्र बाईंना खपत नाहीत.

तिचं खरं तेज येशू जन्मतो त्या गुहेपाशी दिसतं. योसेफ सुईण शोधायला निघतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. पाखरं आकाशात खिळलेली. मजूर जेवायला बसलेत, कुणाचा हात भांड्यात, कुणाचा घास तोंडाशी, चावणारा चावत नाही. मेंढपाळानं काठी उगारलीय, ती वरच. येशूच्या जन्माचं इतकं धीट वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पश्चिमेकडच्या चर्चनं तिला नाकारलं, पूर्वेकडच्या मठांनी सांभाळलं. तिच्या गोष्टी घेऊन एक लॅटिन लेक वाढली, खोट्या मत्तयाच्या नावाची. गोठ्यातले बैल आणि गाढव त्या लेकीनं आणले, गुहा आईची.

नव्या करारात जागा न मिळालेल्या तिच्या भावंडांचे स्वभाव निरनिराळे. ‘थोमाचं शुभवर्तमान’ गोष्ट सांगतच नाही, नुसती ११४ वचनं. त्याची पूर्ण प्रत १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडली. ‘थोमाची कृत्ये’ फिरस्ती: थोमाला हिंदुस्थानात गोंडोफारेस राजाकडे आणते आणि राजवाड्यासाठी दिलेला पैसा गोरगरिबांत वाटायला लावते.

२६ जुलैला योआकिम आणि अ‍ॅना यांचा सण येतो, चर्चमध्ये आजीआजोबांचं कौतुक होतं. दोघांची नावं हिच्याकडची. वेदीवरून मात्र हिचं पान कधी वाचलं जात नाही. पोथी लहानशीच आहे, एका बैठकीत होते. अ‍ॅनाचा विलाप मोठ्यानं वाचा.