राउटर बंद करण्याआधी

घरातील लॅपटॉपचे वायफाय अचानक तुटले की बहुतेक घरांत पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतेही. परंतु राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्याने दोषाबरोबर दोषाच्या खुणाही पुसल्या जातात, त्यामुळे तोच बिघाड चार दिवसांनी परत आला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हे काम नित्य करणारा माणूस म्हणूनच आधी काहीही बंद न करता पाहून घेतो. त्याचा पहिला प्रश्न लॅपटॉपविषयी नसतोच: त्याच खोलीत, त्याच वायफायवर मोबाइल चालतो का? मोबाइलही चालत नसेल आणि फायबरची केबल ज्या बॉक्समध्ये येते त्यावरचा ‘लॉस’चा दिवा लाल झालेला असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोचत नाही, आणि सेवा पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. मात्र चाचणीपुरता मोबाइलचा डेटा बंद ठेवावा लागतो. वायफाय कमजोर पडले की अनेक मोबाइल गुपचूप सिमकार्डावरच्या डेटावर जातात आणि तपास भलत्याच वाटेला लागतो.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, एवढे ठरल्यावर खरे काम सुरू होते. लॅपटॉपने राउटरच्या लहरी ओळखणे, पासवर्ड पटणे, पत्ता मिळणे आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सापडणे, अशा अनेक पायऱ्या चढल्यावर एखादे पान उघडते. यांपैकी कोणतीही पायरी निसटली तरी घरातल्या माणसांच्या लेखी ‘नेट गेले’ एवढेच घडलेले असते.

या पायऱ्यांत पत्त्याची पायरी सर्वांत बोलकी आहे. राउटरमधील डीएचसीपी ही व्यवस्था जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील ओळखक्रमांक, नेमून देते, आणि घरोघरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. लॅपटॉपच्या पत्त्याच्या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर त्याने पत्ता मागितला, उत्तर आले नाही, आणि अखेर त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, असा अर्थ होतो. अर्थात लहरी आणि पासवर्ड या पायऱ्या बहुतेक वेळा पार पडलेल्या असतात, आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसण्यात हशील नसते. राउटरकडील पत्ते संपणे हे यामागचे एक कारण असू शकते. आजकालचे मोबाइल गोपनीयतेसाठी आपली ओळख बदलून जोडणी मागू शकतात, आणि पत्त्यांची संख्या राउटरमध्ये मुळात कमी ठेवलेली असेल तर एकच मोबाइल जुन्या मुदती संपेपर्यंत दोन-तीन पत्ते अडवून बसतो.

पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ ही आज्ञा उपयोगी पडते. माइक मूस यांनी १९८३ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत असताना, जाळ्यातील अशाच एका अडथळ्याचा माग काढण्यासाठी ती लिहिली. समोरच्या यंत्राकडे छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर किती वेळात येते ते मोजायचे, इतकेच तिचे काम. आधी राउटरला पिंग द्यावे, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. दोन्हींकडून उत्तर येत असूनही पान उघडत नसेल, तर नावावरून क्रमांक शोधणारी डीएनएस ही व्यवस्था संशयित ठरते, आणि तिचा पत्ता बदलणे हे दोन मिनिटांचे काम असते.

राउटर पुन्हा सुरू करणे हा उपाय नसून कधीकधी तेच कारण असते, हे लहरींच्या पायरीवर दिसते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत मात्र नेहमीच्या वापरात ११ च असतात, आणि अमेरिकी नियमांनुसार बांधलेली काही वायफाय कार्डे १२ व १३ क्रमांकांचे चॅनल ओळखतच नाहीत. वीज जाऊन आली की ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर चॅनल नव्याने निवडतो, त्याने १३ निवडला की परदेशातून आणलेल्या लॅपटॉपच्या यादीतून घरचेच वायफाय नाहीसे होते आणि शेजाऱ्यांची सगळी दिसत राहतात. राउटर पुन्हा बंद-चालू केल्यावर योगायोगाने दुसरा चॅनल लागतो, सारे सुरळीत होते, आणि यशाचे श्रेय बटणाला मिळते. खरा इलाज म्हणजे ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ हा चॅनल कायम करणे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

झोपेतून उठवलेल्या लॅपटॉपलाच वायफाय सापडत नसेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी डिव्हाइस मॅनेजरमधून काढून घ्यावी. ड्रायव्हर बदलायचा असेल तर त्या वेळी दुसरे काही बदलू नये, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. इतके करूनही अडले, तर यूएसबीला लावायचे साधे वायफाय अडॅप्टर पुष्कळ वाद मिटवते: ते चालले की राउटर निर्दोष ठरतो आणि दोष आतल्या कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा अँटेनाच्या तारांत उरतो. या तारा कार्डापासून निघून बिजागरीतून पडद्याच्या कडेपर्यंत जातात आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने तिथेच झिजतात. पडद्याचा कोन बदलताच सिग्नल चढउतार करत असेल, तर सेटिंगे बंद करून स्क्रूड्रायव्हर घ्यावा.