शुद्धिपत्र

माझा जन्म इतरांच्या चुका काढण्यासाठीच झाला आहे, अशी माझ्या घरच्यांची पक्की समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले. खिळे गेले, संगणक आले. पण पळालेला काना आणि चुकलेली वेलांटी हुडकण्याची माझी खोड काही गेली नाही. लग्नपत्रिका हाती आली की मी मुहूर्त पाहत नाही, आधी ‘आशीर्वाद’ पाहतो. पुष्कळदा त्यातला ‘शी’ ऱ्हस्व निघतो, आणि मग जेवण गोड लागत नाही!

गेल्या दिवाळीत मुलगा लंडनहून आला तो एक जुनी रेकॉर्ड घेऊन. ‘द क्लॅश’ नावाच्या पंक बँडची ‘लंडन कॉलिंग’. आमच्या यंत्राला सवय नाट्यगीतांची. त्यावर हा गदारोळ सुरू होताच फटाके वाजताहेत असे समजून शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी आपले नेहमीचे काम हाती घेतले. वेष्टन वाचू लागलो. दुसरी तबकडी संपली आणि मी जवळजवळ ओरडलोच, “अरे, यादीत गाणी अठरा आहेत. वाजली एकोणीस!”

मुलगा हसला. “बाबा, तुमच्या नजरेतून ते सुटणारच नव्हतं.”

शेवटचे गाणे, ‘ट्रेन इन व्हेन’, म्हणे एका संगीत-साप्ताहिकाबरोबर फुकट वाटायचे होते. तो बेत फिसकटला. गाणे तर झालेले, आणि वेष्टन छपाईला गेलेले. तेव्हा त्यांनी गाणे तबकडीत घातले आणि त्याची नोंद तबकडीच्या मध्याजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरून टाकली. दिव्याखाली तबकडी तिरपी धरून मी ती वाचली. ओरखड्यासारखी ती अक्षरे. इतके छोटे शुद्धिपत्र मी जन्मात पाहिले नव्हते.

मग चकल्यांचा डबा मध्ये ठेवून मुलाने त्या रेकॉर्डची सारी कथा सांगितली. 1979 च्या उन्हाळ्यात जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन आणि टॉपर हेडन हे चौघे लंडनच्या पिम्लिको भागात एका गॅरेजमागच्या जागेत तालीम करीत. मध्येच उठून फुटबॉल खेळत, पुन्हा येऊन वाजवत. पंक म्हणजे हाताला जेवढे येते तेवढ्यावर पोटातला राग मोकळा करायचा. पण या पोरांना एव्हाना जमैकाची रेगे, जॅझ, जुने रॉक अँड रोल, सारेच वाजवावेसे वाटू लागले होते.

ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी गाय स्टीव्हन्स नावाचा निर्माता बोलावला. नावाने गाय, पण वृत्तीने मारका बैल! वादन चालू असता हा गृहस्थ खुर्च्या फेकी, शिडी गरगर फिरवी, पियानोवर मद्य ओती. ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ हे गाणे पहिल्याच फेरीत झाले. ड्रम वाजवणारा हेडन म्हणाला, लय वाढली, पुन्हा घेऊ. स्टीव्हन्सचे म्हणणे, रॉक अँड रोलची लय वाढतेच, राहू द्या. ते तसेच राहिले.

वेष्टनावरचे छायाचित्रही तसलेच. सप्टेंबर 1979 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात, न्यूयॉर्कला, प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देईनात म्हणून सिमोनन चिडला आणि त्याने आपली बेस गिटार रंगमंचावर आपटली. पेनी स्मिथने तो क्षण टिपला. फोटो धूसर आला आहे, छापू नका, असे तीच म्हणत होती. स्ट्रमरने हट्टाने तोच छापायला लावला. ती मोडकी गिटार 2019 साली लंडनच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मांडली होती.

कंपनीला मात्र त्यांनी छान बनवले. आधी एक जोडतबकडी फुकट देण्याची कबुली घेतली आणि मग तिच्यावर तब्बल नऊ गाणी भरली. 14 डिसेंबर 1979 रोजी ब्रिटनमध्ये दोन तबकड्या एकीच्या किमतीत बाहेर पडल्या, आणि जानेवारी 1980 पासून ती गाणी घेऊन मंडळी पुन्हा दौऱ्यावर निघाली.

मुलगा रंगून बोलत होता. इतका वेळ तो माझ्याशी कधी बोलल्याचे मला आठवेना, आणि त्याचे कारण आठवले तेव्हा चकली हातातच राहिली. वसतिगृहात गेल्यावर त्याने पहिले पत्र पाठवले होते, चार पानी. मी त्यातल्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून ते त्याला परत पाठवले. पुढचे पत्र दोन पानांचे आले. मग एक पान. मग नुसती खुशाली. चुका कमी होताहेत म्हणून मी खूश होतो. मजकूरच कमी होतो आहे, हे त्या मुद्रितशोधकाच्या ध्यानात आले नाही.

तो परत गेला त्या रात्री रेकॉर्डच्या वेष्टनात एक चिठ्ठी सापडली: ‘बाबा, शेवटच गाण पून्हा ऐका. दिवाळित बोलू. तिकडे गेलो की तूमची आठवण येते.’

तेरा शब्द, पाच चुका. सवयीने पेनाचे टोपण निघाले होते. ते मी पुन्हा लावले.

यंदाही तो येणार आहे. परवा या लेखाची प्रुफे आली. पाहतो तो छापखान्यातल्या कुणा जागरूक माणसाने ती चिठ्ठी पार शुद्ध करून टाकलेली! तिच्या पाचही चुका तिला परत मिळवून देताना मला दोन फेऱ्या घालाव्या लागल्या.