घडीचे घर

आमचे चिरंजीव टेबलावर लढाया खेळतात. खेळ नवा नव्हे, एच. जी. वेल्सने १९१३ साली त्यावर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले. सैनिक बोटाच्या पेराएवढे. त्यांच्यासाठी गेल्या दिवाळीत मी पुठ्ठ्याची घरे केली. चारी कोपरे आणि तळ, सारे डिंकाने पक्के चिकटवले. कपाटात जागा मिळेना, म्हणून माळ्यावर टाकली. पावसाळा संपेतो सगळी चेपलेली!

यंदा शहाणा झालो. चारी भिंती एकाच पट्टीत आखल्या, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या रेघा दाबल्या, टोके जोडली. तळ ठेवलाच नाही. समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबले की घर सपाट. छप्पर वेगळे, आढ्यावर दुमडणारे. सहा घरे एका वहीत मावली!

ती वही परवा चिरंजीवांनी वसतिगृहाच्या बॅगेत भरली. सौ. डोळे पुसत म्हणाली, "घरच घेऊन निघाला की!"

मी काही बोललो नाही. गेल्या वर्षीची घरे पक्की होती खरी. पण त्यांतले एकही त्याच्याबरोबर जाऊ शकले नसते.