एपिडॉरसला नाणं वाजवू नका

नाट्यगृहांचं ध्वनिनियोजन हा माझा व्यवसाय. त्यामुळे ग्रीसला निघालेले ओळखीचे लोक हमखास विचारतात, एपिडॉरसच्या रंगस्थळावर मधोमध नाणं टाकलं तर शेवटच्या रांगेत खरंच ऐकू येतं का? येतं, पण ते नाणं आहे हे कळत नाही. आइंडहोव्हेनच्या संशोधकांच्या मोजमापांचे निष्कर्ष २०१७ साली आले. चाहूल वरपर्यंत पोचते. आवाज कशाचा, ते निम्म्या रांगांपलीकडे ओळखता येत नाही. कुजबूज पुढच्या रांगांतच विरते. नटाने खणखणीत आवाज लावला, तर मात्र शब्द थेट शेवटपर्यंत जातात. उघड्यावर, माईकविना, हजारो माणसांपर्यंत! मला त्या दंतकथेपेक्षा हे कितीतरी मोठं वाटतं.

हे थिएटर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं, अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या क्षेत्रातलं. देव स्वप्नात येऊन उपचार करील म्हणून रोगी इथे आवारात झोपत. नाटक हा त्याच देवाच्या उत्सवाचा भाग. पॉसॅनियस हा प्राचीन प्रवासी बांधणीचं श्रेय पॉलिक्लायटसला देतो. खाली ३४ रांगा, वर २१. वरच्या बहुधा नंतरच्या. पुढे सगळंच मातीखाली गेलं, म्हणून टिकलं. १८८१ मध्ये पुरातत्त्वज्ञ काव्वादियास यांनी उत्खनन सुरू केलं.

आता आवाजाचं. २००७ साली जॉर्जिया टेकच्या डेक्लर्क आणि डेकेयसर यांनी दाखवलं, की दगडी पायऱ्यांच्या रांगा साधारण ५०० हर्ट्झखालचे आवाज दाबतात. वाऱ्याचा घोंघाट, प्रेक्षकांची चुळबूळ बरीचशी त्यातच येते. बोलण्यातली स्पष्टता वरच्या पट्टीत असते, ती शाबूत राहते. हरवलेला खर्ज आपला मेंदूच भरून काढतो. माझ्या मते याच्या बरोबरीचं श्रेय त्या खड्या चढाला द्यायला हवं. पुढच्याचं डोकं आवाजाच्या वाटेत येत नाही. आपल्याकडे खुर्च्यांच्या मखमलीवर बैठका होतात आणि चढ आर्किटेक्टच्या कागदावरच राहतो, पण ते असो.

म्हणून सांगतो, जमलं तर प्रयोगालाच जा. १९५५ पासून उन्हाळ्यात इथे महोत्सव भरतो. ऑपेरा-गायिका मारिया कॅलास १९६० मध्ये ‘नॉर्मा’ गायली ती इथेच. प्रयोग बहुधा शुक्रवारी-शनिवारी, रात्री नऊच्या सुमारास. ग्रीक संवादांचा इंग्रजी अनुवाद पडद्यावर दिसतो. मुक्काम नाफ्प्लिओला करावा, अर्ध्या तासावर आहे. अथेन्सहून त्याच रात्री परतायचं म्हणजे दोन-अडीच तासांचा प्रवास. नुसतंच पाहायचं असेल तर सकाळी लवकर पोचा, कारण दुपारी दगड तापतात आणि सावली नाही. शेजारचं छोटं संग्रहालय चुकवू नका.

तिकीट वरच्या टप्प्यातलं, मधल्या भागातलं घ्या. स्वस्त पडतं, आणि या वास्तूची खरी परीक्षा तिथेच होते. बसायला जाड शाल न्या. उंच टाचांच्या चपला हॉटेलवरच ठेवा; दगडांना इजा होते म्हणून त्यांना बंदी आहे.