एक वाडा, पाच बिऱ्हाडं

भाषणं ऐकण्याच्या बाबतीत वैरागच्या माणसाला कुणी काही शिकवू नये. हरिनाम सप्ताहातली कीर्तनं, साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या सभा आणि नोकरीची तीस वर्षं शाळेत ऐकलेले पंधरा ऑगस्ट, एवढं पचवून मी निवृत्त झालो. डोळे उघडे ठेवून, मधूनमधून मान डोलावत झोपण्याची विद्या मला साधलेली आहे. त्यामुळे पुतणीचा पुण्याहून फोन आला, "अप्पा, शनिवारी माझा टॉक आहे, तुम्ही यायचंच," तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही.

"विषय काय?"

"व्हर्च्युअलायझेशन. ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममधलं."

"वा!" मी म्हणालो. ज्यातलं काही कळत नाही तिथे आधी 'वा' म्हणावं, हे मास्तरकीतलं पहिलं तत्त्व. "मानधन किती देतात?"

"काही नाही."

"मग तिकीट तरी बरंच असेल."

"तेही नाही. बोलणाऱ्यालाही फुकट, ऐकणाऱ्यालाही फुकट."

मी गप्प झालो. आमच्याकडे कीर्तनकारालासुद्धा नारळ आणि पाकीट मिळतं. वर तिनेच सांगितलं की अशा मेळाव्यांची मोठी परंपरा आहे. पुण्यातच सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मेळावा अनेक वर्षं भरत आला. आणि तिकडे ब्रुसेल्सच्या विद्यापीठात दर वर्षी ऐन थंडीत 'फॉसडेम' भरतो, त्याला जगभरातून हजारो माणसं जातात. ना तिकीट, ना नावनोंदणी. थोडक्यात म्हणजे वारी. फक्त तुळशीच्या माळेऐवजी गळ्यात लॅपटॉपची पिशवी.

आता एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही पुतणी माझ्या धाकट्या भावाची. धाकटा आणि मी एकाच वाड्यात राहतो आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. वाटणी झाली, वाड्याच्या मधोमध सिमेंटची भिंत आली, आडाचासुद्धा अर्धा गोल त्याचा आणि अर्धा माझा झाला. पुतणी तेव्हा अकरावीत होती. तिची गणितं अडली की ती भिंतीवरून वही टाकायची, मी सोडवून परत टाकायचो. तिच्या बापाला हे ठाऊक होतं. पण वही बोलत नसल्यामुळे त्याच्या अबोल्याला बाध येत नव्हता.

भिंत खाली घालता आली. माळवद मात्र एकच राहिलं. आमच्याकडे पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकतात. त्याने आपल्या अर्ध्यावर टाकावी, मी माझ्या अर्ध्यावर. मधल्या सांध्यावर कुणी टाकायची, हा प्रश्न वाटणीपत्रात लिहायचा राहून गेला होता. पावसाने वाटणीपत्र वाचलेलं नसल्यामुळे तो नेमका तिथूनच आत यायचा आणि दोन्हीकडे सारखा गळायचा.

असो. शुक्रवारी रात्री एसटीत बसलो. बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करत पहाटे पुण्यात उतरलो आणि दहा वाजता त्या कॉलेजात पोचलो. तिथे एकाच वेळी तीन खोल्यांत तीन भाषणं चालू. ऐकणारे एका खोलीतून उठून दुसरीत जात होते आणि त्याचा कुणाला राग येत नव्हता! दारात एका पोराने मूठभर स्टिकर हातात दिले. प्रसाद नाकारू नये म्हणून मी ते घेतले. त्यातला एक पेंग्विन अजून माझ्या चष्म्याच्या डबीवर आहे.

पुतणीची खोली शोधून पाचव्या रांगेत बसलो. जरा वेळाने शेजारच्या खुर्चीत कुणीतरी टेकलं. पाहतो तो धाकटा! तोही त्याच एसटीने आला होता. मी पुढे, तो मागे. उठून जावं तर खोली गच्च भरलेली. दोघंही समोर पाहत बसलो.

सुरुवातीलाच पडद्यावर चित्र येईना. आता पोरीची फजिती होणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला. पण तिसऱ्या रांगेतला एक पोरगा उठला, त्याने पिशवीतून कसलीशी वायर काढून जोडून दिली आणि परत जागेवर जाऊन बसला. आभारसुद्धा मागितले नाहीत. मला हा मेळावा आवडायला लागला.

पडद्यावर चित्र आलं. आमच्या वाड्याचं! भिंत घालण्याआधीचं.

टॉक इंग्रजीत होता. पण वाड्यापाशी आली की पोरगी मराठीत घसरायची. ती म्हणाली, "एक वाडा, त्यात पाच बिऱ्हाडं. संगणक म्हणजे वाडा. त्यात एकाच वेळी पाच वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम बिऱ्हाड करून राहतात. त्यांना जागा, वीज, पाणी वाटून देणारा जो मालक, तो हायपरवायझर." मग तिने 1974 सालची गोष्ट सांगितली. पोपेक आणि गोल्डबर्ग नावाच्या दोघा अमेरिकनांनी तेव्हा या मालकासाठी तीन नियम घालून दिले. बिऱ्हाडकरूला वाटलं पाहिजे की घर आपलंच आहे. सगळ्या किल्ल्या मालकाच्या कमरेला पाहिजेत. आणि रोजच्या कामात मालकाने लुडबूड करायची नाही. भाजीला फोडणी घालायची का, हे विचारायला बिऱ्हाडकरूला यायला लागू नये. आमच्या वडिलांना यांतले पहिले दोन नियम उत्तम जमत. तिसरा मात्र त्यांच्या कानावर आलेला नव्हता.

पुढे तिने सांगितलं, की ही कल्पना संगणक महाग होते तेव्हाची. एक अजस्र यंत्र आणि वापरणारे अनेक. ऑगस्ट 1972 मध्ये आयबीएम कंपनीने व्हीएम/370 नावाची अशी व्यवस्था जाहीर केली.

1972 म्हटल्यावर मी ताठ बसलो. धाकट्यानेही खुर्ची सरकवली. आमच्याकडे 1972 म्हणजे दुष्काळ. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या जिभेने ती कशी गिळली, ते तिचं तिलाच ठाऊक. गल्लीतले आड कोरडे पडले होते, आमच्या आडाला थोडं पाणी होतं. वडील पहाटे चार वाजता काठावर वही घेऊन बसायचे. पाच बिऱ्हाडं आणि गल्लीतली सात घरं, प्रत्येकाला दोन घागरी. रांगेत आम्हीसुद्धा, मालकाच्या पोरांना तिसरी घागर नव्हती. म्हणजे अमेरिकेत एक यंत्र पुरवून वापरायची युक्ती निघाली त्याच साली वैरागात एक आड पुरवून वापरण्याची निघाली होती. त्यांनी तिला नाव दिलं, आम्ही दिलं नाही, एवढाच फरक. आणि त्या आडाचे आम्ही दोघा भावांनी दोन अर्धगोल केले होते.

मग तिने लिनक्सची गोष्ट काढली. 1991 साली फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून ती लिहायला घेतली आणि लोकांना वाटून टाकली. 2007 च्या फेब्रुवारीत तिच्यातच 'केव्हीएम' आलं, म्हणजे लिनक्सचा वाडा स्वतःच मालककी करायला लागला. या वाटून टाकण्याला एक अट असते, ती म्हणजे परवाना. तुम्ही घ्या, बदला, पुढे द्या. पण देताना घेणाऱ्यालाही तेवढीच मोकळीक द्या. पुतणी म्हणाली, "माझी आजी विरजण द्यायची तेव्हा म्हणायची, ने बाई, पण तुझ्याकडे कुणी मागायला आलं तर नाही म्हणू नकोस. आजीचा परवाना हाच." खोलीत हशा पिकला. शेजारच्या खुर्चीत धाकट्याने नाक शिंकरलं. मी खिसा चाचपला, तर रुमाल वैरागलाच राहिला होता.

शेवटी तिने खरं बिऱ्हाड मांडून दाखवलं. तिच्या एका लॅपटॉपवर डेबियन, फेडोरा आणि फ्रीबीएसडी असे तीन संसार शेजारी शेजारी चालू. मग तिने मुद्दाम त्यातला एक पाडला. बाकीच्या दोघांना पत्ताही नाही! "शेजाऱ्याचं छप्पर कोसळलं तरी याच्या कपातला चहा हलत नाही," ती म्हणाली.

प्रश्नोत्तरांत आधी एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून स्वतःचं भाषण केलं. अशी माणसं वैरागातही आहेत, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. मग मागून एका मुलीने विचारलं, "पण खालचा होस्टच पडला तर?"

"मग सगळेच पडतात," पुतणी म्हणाली. "बिऱ्हाडं कितीही वेगळी केली तरी वाडा एकच असतो. म्हणून त्याची डागडुजी आधी." हे म्हणताना ती पाचव्या रांगेकडे पाहत होती की नाही, देव जाणे. मी त्या वेळी पेंग्विन पाहत होतो.

परतीच्या एसटीत एकच बाक रिकामा होता. इंदापूर मागे पडलं तेव्हा धाकटा खिडकीकडे पाहत म्हणाला, "दादा, मधल्या तुळईला वाळवी लागलीय. माझ्या बाजूनं दिसते."

"माझ्या बाजूनं गळतं," मी म्हणालो.

अकरा वर्षांनंतरचं संभाषण ते एवढंच. घरी आल्यावर आमची ही म्हणाली, "एवढं बोलायला पुण्याला जायला लागलं?"

तुळई बदलली. खर्च निम्मा निम्मा. पांढरी माती एकाच दिवशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंत अजून आहे; ती राहू दे. बिऱ्हाडं वेगळी असावीत, असं आता आम्ही दोघंही शास्त्राच्या आधाराने म्हणतो.

एक सुधारणा मात्र केली. पुतणीने सांगितलं होतं, की 2009 पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे: दोन बिऱ्हाडांच्या स्मृतीत तंतोतंत सारखं पान सापडलं की मालक एकच ठेवतो आणि दोघांना तेच दाखवतो. कुणी त्यावर लिहायला घेतलं, की त्याला गुपचूप वेगळी प्रत काढून देतो. आम्ही दोघं एकच वर्तमानपत्र वेगवेगळं घेत होतो. एक बंद केलं. सकाळी मी वाचतो, नऊ वाजता भिंतीवरून पलीकडे टाकतो.

महिनाभर छान चाललं. मग एके दिवशी मी शब्दकोडं पेनाने सोडवून टाकलं. तेही चुकीचं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने वेगळी प्रत सुरू केली आहे. गुपचूप नाही, भिंतीवरून ओरडून सांगून.