परिषद आणि पाळी

परिषदा भरविण्याची हौस आपल्या लोकांस जुनीच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांस एकत्र जमविले, तेव्हापासून चार विद्वान एका मांडवाखाली आणल्यावाचून विद्या वाढत नाही, अशी आपली समजूत झाली आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु ग्रंथालयशास्त्राच्या परिषदांना अलीकडे जे रूप आले आहे, ते पाहून दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांप्रमाणेच महाविद्यालयीन ग्रंथपालांच्याही बढतीस निबंधांच्या गुणांची जोड दिली, आणि निबंधांस पूर आला. पिंपरी-चिंचवड येथील अशाच एका परिषदेस आम्ही गेलो होतो. एका सत्रात बारा निबंध, प्रत्येकास पाच मिनिटे. जो तो आपला निबंध वाचून व प्रमाणपत्र घेऊन वाटेस लागे. दुसऱ्याचे ऐकावयास फारसे कोणी उरले नव्हते. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक. त्या सभागृहातील निबंधांस मात्र श्रोताही मिळेना!

चहाच्या वेळी एका लहानशा वाचनालयाचे ग्रंथपाल सहज म्हणाले, "सर, आमचे वाचनालय सायंकाळी चार ते आठ उघडे. कारखान्यातला माणूस पहिल्या पाळीच्या आठवड्यात नेमाने येतो. दुसरी पाळी लागली की आठवडाभर त्याचे दर्शन नाही."

पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांचीच वस्ती असलेल्या या भागात याहून मोलाचा संशोधनविषय कोणता असणार? असे वाचक किती, त्यांस कोणत्या भाषेतील पुस्तके हवीत, सकाळी दोन तास दार उघडल्यास देवघेव वाढेल काय, या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्या गृहस्थांच्या देवघेवीच्या वहीतच पडून असतील. परंतु त्या दिवशी त्यांनी निबंध वाचला तो ग्रंथालयांतील कृत्रिम बुद्धिमत्तेवर. कारण संयोजकांनी विषयच तो ठरविला होता.

परिषद नसती तर ते आम्हांस भेटलेच नसते, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. एकट्याने काम करणाऱ्या ग्रंथपालास समव्यवसायी माणूस भेटणे हा लाभ लहान नाही. म्हणूनच चहाच्या वेळी निघणाऱ्या गोष्टींस सभागृहात जागा मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती १९४३ साली निघाली. तिच्यासाठी त्यांस कोणी गुण देणार नव्हते. मराठीच्या अभ्यासकास मात्र ती आजही हाताशी लागते.

पुढील परिषदेस प्रत्येक ग्रंथपालाने आपल्या वाचनालयाची वर्षाची देवघेवीची वही घेऊन यावे आणि तिच्यावरच बोलावे. मग निबंध पाच मिनिटांचा झाला तरी चालेल. दुसऱ्या पाळीच्या माणसास त्यातून एखादे पुस्तक मिळण्याचा संभव आहे.