कायद्याचे बारावे कलम

बँकेतून निवृत्त झालो, तरी शेलारमधील व्यापारी बंधू कागदपत्रांच्या कामासाठी अजून माझ्याकडे येतात. कुणाचे भागीदारीपत्र असते, कुणाचे वारसाचे नाव लावायचे असते. २०२३ च्या पर्युषणाआधी एका संध्याकाळी एक यंत्रमाग व्यावसायिक आले, तेव्हा असेच काही असेल असे वाटले. त्यांच्या वडिलांचे खाते माझ्याच हातून उघडले गेले होते. पुढ्यातला चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. मग म्हणाले, "काका, थोरला मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो म्हणतो, मी मुलगी आहे. त्याला त्याच्या मामाच्या दुकानावर दूर पाठवावे असे ठरते आहे. कायद्याची काही अडचण येईल का?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. डोळ्यांपुढे आला तो माझाच एक जुना प्रसंग. सुमारे २००९ साली शाखेत साडी नेसलेली विशीतील एक व्यक्ती खाते उघडण्यास आली होती. शाळेच्या दाखल्यावर नाव पुरुषाचे होते. अर्जावर रकाने दोनच, स्त्री आणि पुरुष. मी दाखला परत केला आणि म्हणालो, "आधी नाव बदलून आणा." मागे कुणीतरी हसले, मीही थोडासा हसलो. नियम माझ्या बाजूने होता. ती व्यक्ती पुन्हा आली नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरविण्याचा अधिकार दिला आणि पुढील वर्षी रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने अर्जांवर तिसरा रकाना आला. ते परिपत्रक मी सही करून फाइलला लावले, आणि तेव्हाही तो दाखला परत करणारा माझा हात मला आठवला नाही.

या खेपेस मात्र कायदा मुळातून वाचला. २०१९ चा हा कायदा संसदेत आला तेव्हा पुष्कळ वाद झाला. ओळखपत्र जिल्हादंडाधिकारी देणार. पुढे स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा पुरावा द्यावा लागणार. न्यायालयाने जे स्वतःच्या शब्दावर सोपविले होते ते पुन्हा कचेरीच्या शिक्क्यावर आणले, असा तृतीयपंथीयांचा आक्षेप होता. शिक्क्याशिवाय सवलती देता येत नाहीत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. माझा जन्म शिक्के मारण्यात गेला, त्यामुळे दुसरी बाजू मला समजते. पण आक्षेप अधिक खरा वाटतो. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाचा अर्ज आईवडिलांनी किंवा पालकानेच करावयाचा. ज्या घरात आईवडीलच पाठ फिरवून बसले असतील, तेथील मुलाने काय करावे?

बाराव्या कलमापाशी मी थांबलो. केवळ तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलास आईवडिलांपासून किंवा कुटुंबापासून वेगळे करता येणार नाही. अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा, तोही मुलाच्या हितासाठी. अशा व्यक्तीस घर सोडण्यास भाग पाडणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून हे वाचून दाखविले. त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतील दोन-तीन भाषणे दाखविली. मी म्हणालो, "तिकडचा वाद औषधांचा आहे." कोवळ्या वयात यौवन थांबविणारी औषधे द्यावीत की नाही, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत, ब्रिटनने तर डिसेंबर २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील अशा मुलांसाठी ती अनिश्चित काळ बंद केली. त्यात मत देण्याची माझी पात्रता नाही. पण आमच्या शेलारच्या त्या मुलाने औषध मागितलेच नव्हते. त्याला घरात राहून कॉलेज पुरे करायचे होते.

कुणीतरी त्यांना मूल 'बरे करून' देणाऱ्या डॉक्टरचे नावही सुचविले होते. असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच कळविले आहे. हे ऐकून त्यांनी ती चिठ्ठी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"पण काका, आपल्या धर्मात हे कसे बसते?" हा प्रश्न येणारच होता. मी पंडित नव्हे. पाठशाळेत शिकलो तेवढेच सांगितले, की आपल्या कर्मग्रंथांत वेद तीन सांगितले आहेत, आणि द्रव्यवेद म्हणजे देहाची रचना निराळी, भाववेद म्हणजे अंतरीचा भाव निराळा. गोम्मटसारात म्हटले आहे की हे दोन्ही बहुधा जुळतात, क्वचित जुळत नाहीत. यावरून शास्त्र अशा मुलांची बाजू घेते असे मी म्हणत नाही. तेथे सर्वच वेद मोहनीय कर्माचे आहेत, तुमचा-माझाही. परंतु देह एक आणि भाव दुसरा, ही गोष्ट परदेशातून आलेली नाही, हे आपल्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर धाकट्या मुलीच्या लग्नाचे कसे होणार, असे विचारले. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही.

मूल मामाकडे गेले नाही. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब क्षमापनेसाठी आले, तेव्हा तेही आले. मी हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणालो, आणि २००९ च्या त्या व्यक्तीचे नाव आठवू लागलो. दाखल्यावर वाचले होते, आठवले नाही.

आता ते बी.कॉम. करते आहे. अठरा पूर्ण झाल्यावरही ओळखपत्राचा अर्ज केलेला नाही. घरात त्यावरून अजून कुरबुर आहे. वडील जुन्याच नावाने हाक मारतात. आई नाव घेतच नाही, नुसते "अगं" म्हणते.